वाढत्या अंगाचे धनुष्य

आमच्या लहानपणी मुरुडात कपडे अंगाच्या मापाने शिवण्याची चाल नव्हती. दिवाळीच्या आधी शिंपी ओटीवर येऊन बसे, फीत काढून आमचे खांदे मोजी, आणि तेवढ्यात माजघरातून वडिलांचा आवाज येई, "वाढत्या अंगाचा शिव रे!" मग त्या मापात चार बोटे वाढत. पहिल्या वर्षी सदरा गुडघ्यापर्यंत लोंबे, दुसऱ्या वर्षी बरा बसे आणि तिसऱ्या वर्षी फाटे. म्हणजे तीन वर्षांत एकच वर्ष आम्ही माणसांत दिसत असू. परंतु त्यात कुणाला काही वावगे वाटत नसे. काटकसर हा आमच्या गावाचा धर्म होता, आणि मूल आज ना उद्या वाढणारच हा त्या धर्मातला विश्वास.

याच विश्वासाने मी माझ्या नातीसाठी एक धनुष्य विकत घेतले.

नात तेव्हा बारा वर्षांची. राहते पुण्याला; मे महिन्यात आणि दिवाळीत आमच्याकडे येते. शाळेत तिने तिरंदाजीचा खेळ पाहिला आणि तेव्हापासून तिला दुसरे काही सुचेना. मी मोठ्या उत्साहाने दुकान गाठले. दुकानदार भला माणूस होता. त्याने विचारले, "मुलगी केवढी आहे? किती पौंडांचं देऊ?" मग माझ्याकडे पाहून त्यानेच अठरा पौंडांची पाती पुढे केली. हल्लीच्या धनुष्याची मूठ वेगळी आणि वरची-खालची पाती वेगळी असतात. पाती बदलली की तेच धनुष्य हलके किंवा जड होते. मी म्हटले, "अहो, वर्षभरात ती वाढेल. तीस पौंडांची द्या." त्याने एकदा समजावले, दोनदा समजावले, मग गिऱ्हाईक वयस्क आहे आणि हट्टीही आहे हे ओळखून त्याने तीस पौंडांची पाती बांधून दिली. घरी येताना मला फार बरे वाटत होते. दोन वर्षांचा खर्च मी वाचवला होता!

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात आम्ही खळ्यात पेंढ्याचे भारे रचले. मागे चिऱ्यांचा गडगा, त्याच्यामागे आमचीच पोफळीची वाडी; कुणाला बाण लागण्याची भीती नव्हती. नात धनुष्य घेऊन उभी राहिली. दोरी हनुवटीपर्यंत यावी असे पुस्तकात लिहिले होते. तिची दोरी हनुवटीच्या अलीकडे वीतभर येऊन थांबे. हात थरथरत, खांदा कानाला भिडे, पाठ मागे वाके. आणि मी ओटीवर बसून म्हणत होतो, "ओढ, अजून ओढ! जोर लाव!" तीस वर्षे ज्या आवाजात मी शाळेत इतिहास शिकवला त्याच आवाजात.

असे पाच दिवस चालले. सहाव्या दिवशी तिचा खांदा धरला. हिने तेल चोळले, दापोलीच्या डॉक्टरांनी हाड शाबूत असल्याचे सांगून विश्रांती घ्यायला लावली. आठ दिवसांत दुखणे थांबले. परंतु नातीने धनुष्य माजघरातल्या खुंटीला अडकवले ते अडकवलेच. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "दुखतंय म्हणून नाही हो, आजोबा. मी मुळातच लेचीपेची आहे. मला नाही जमायचं हे."

हा ‘मुळातच’ शब्द मला लागला. बारा वर्षांच्या मुलीने आपल्या शरीराविषयी कायमचा निकाल देऊन टाकला होता, आणि त्या निकालाचा पुरावा मीच दुकानातून विकत आणला होता. ती पुण्याला परत गेली. मृग लागला, वाट बंद झाल्यासारखा पाऊस सुरू झाला, आणि इतिहासाच्या मास्तराला चूक कळली की तो जे करतो तेच मी केले. पुस्तके काढून बसलो.

*

प्रथम हे पौंड म्हणजे काय ते समजून घेतले. धनुष्याचे पौंड म्हणजे त्याचे स्वतःचे वजन नव्हे. तराजूत घातले तर ते सगळे मिळून एखाद्या भरल्या तांब्याएवढे भरेल. दोरी पूर्ण ओढून धरताना बोटांवर जो भार येतो तो हा आकडा. जगात बहुतेक ठिकाणी किलो आले तरी तिरंदाज अजून पौंडच मोजतात. हा आकडा साधारणपणे 28 इंचांच्या ओढीला धरून पात्यावर छापलेला असतो. ज्याचा हात आखूड त्याची ओढ आखूड, आणि दर इंचामागे सुमारे दोन पौंड कमी होतात. माझ्या नातीची ओढ तेवीस इंच भरली. म्हणजे छापलेल्या तिसांपैकी वीसेक पौंड तिच्या वाट्याला येत होते. वीस पौंड म्हणजे नऊ किलो. एकदा उचलायला काही फार नाही. विहिरीवरून भरलेली कळशी ती उचलतेच. परंतु कळशी कुणी तीन बोटांवर, हात आडवा ताणून, श्वास रोखून, डोळा एका ठिपक्यावर ठेवून उचलत नाही. आणि एका सकाळी तीस वेळा तर नाहीच नाही. तीस बाणांचा हिशेब केला तेव्हा पावणेतीनशे किलो भरले. मी वही मिटली.

मग मनात आले, हा प्रश्न काही माझ्यापासून सुरू झालेला नसणार. ज्या देशात धनुष्याला वेदाचा मान मिळाला आणि त्या विद्येला धनुर्वेद म्हटले, तिथे नवशिक्याला कोणते धनुष्य द्यावे याचा विचार कुणी केला नसेल काय?

केला होता. वसिष्ठांच्या नावावर जी धनुर्वेदसंहिता आहे तिच्यात तो अगदी सुरुवातीलाच येतो. ग्रंथकार धनुष्याचे दोन प्रकार मानतो. पहिले सरावाचे, दुसरे युद्धाचे. हा क्रमच बोलका आहे. युद्धाचे धनुष्य दुसरे येते. पुढे तो सांगतो, आपल्या बाहूंचे जेवढे बळ असेल त्याहून धनुष्य किंचित उणे असावे, तेच शुभ. धनुर्धर धनुष्याहून बलवान असला तर चांगले, धनुष्य धनुर्धराहून बलवान असता कामा नये. आणि का, तर धनुष्याने ज्याला पीडा होते त्या धनुर्धराला लक्ष्य दिसतच नाही.

हे शेवटचे कारण वाचून मी बराच वेळ स्वस्थ बसलो. ग्रंथकार असे म्हणत नाही की जड धनुष्याने खांदा दुखेल, किंवा बाण कमी अंतर जाईल. तो म्हणतो, लक्ष्य दिसणार नाही. माझ्या नातीचे डोळे मला आठवले. ते पेंढ्यावरच्या कागदाकडे नव्हते. ते स्वतःच्या थरथरत्या मुठीकडे होते. एवढी साधी गोष्ट मला ओटीवरून दिसली नाही. ‘किंचित उणे’ हे दोन शब्द मी वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले. शिंप्याला आम्ही नेहमी ‘किंचित अधिक’ सांगत आलो. धनुष्याचे माप नेमके त्याच्या उलट आहे.

*

मग मला एक प्रश्न पडला. ज्ञान इतके जुने असता आमच्या मनात नेमका उलटा समज कसा रुजला? बळ दाखवायचे तर जड धनुष्य उचलायचे, असेच आपण मानतो. मला वाटते, याचे कारण आपल्या कथा. रामायणात जनकाच्या घरचे शिवधनुष्य आठ चाकांच्या पेटीतून येते आणि ती पेटी ओढायला पाच हजार माणसे लागतात. राम ते लीलया उचलतो आणि ओढता ओढता मोडतो. ग्रीकांच्या महाकाव्यात ओडिसियस वीस वर्षांनी घरी येतो, तेव्हा त्याच्या पत्नीशी लग्न करू पाहणाऱ्यांना त्याच्या धनुष्याला दोरीसुद्धा चढवता येत नाही. तो मात्र बसल्या जागी चढवतो. कथेला असा एकच क्षण हवा असतो. त्या क्षणामागची वर्षे कथाकार सांगत नाही, आणि ऐकणाऱ्या पोराला वाटते की वीर तो, जो पहिल्याच दिवशी सर्वांत जड धनुष्य उचलतो.

परंतु त्याच कथा जरा निराळ्या नजरेने वाचल्या तर निराळे काही दिसते. गांडीव धनुष्य अर्जुनाला द्रोणाचार्यांनी दिलेले नाही. ते त्याला मिळाले खांडववन जाळण्याच्या प्रसंगी, अग्नीच्या विनंतीवरून वरुणाकडून. तोपर्यंत त्याचे शिक्षण संपले होते, द्रौपदीचे स्वयंवरही होऊन गेले होते. पक्ष्याचा डोळा पाहायला शिकला तो अर्जुन गांडीवधारी नव्हता. त्याच्या हातात तेव्हा शिकाऊ मुलाचे, आज कुणाला नावही ठाऊक नसलेले धनुष्य असणार. मी पोरांना अर्जुनाची गोष्ट किती वेळा सांगितली असेल! पण ही गोष्ट माझ्या ध्यानात आली ती नातीचा खांदा दुखावल्यावर.

राजवाड्याबाहेर पाहावे तर सह्याद्रीत आणि सातपुड्यात धनुष्य हा कधी दिखाव्याचा विषयच नव्हता. तिथे त्याचे नावही साधे, तिरकमठा. भिल्लांचा कमठा बांबूचा, आणि त्याची दोरीदेखील बांबूच्याच चिरलेल्या पातळ पट्टीची. कौटिल्याने धनुष्यासाठी ताड, बांबू, लाकूड आणि शिंग असे चार जिन्नस सांगितले आहेत. त्यांतला बांबू गरिबाच्या दाराशी उभा असतो. ज्याला शिकार करून पोट भरायचे आहे त्याला न पेलणारा कमठा जवळ बाळगणे परवडत नाही. शिवकालात फौजेत बंदुकवाल्यांच्या जोडीला तिरंदाज होते. पुढे बंदूक स्वस्त झाली, सोपी झाली. 1825 मध्ये औट्रमने खानदेशात भिल्लांची पलटण उभी केली आणि ज्यांच्या बापजाद्यांनी तिरकमठा चालवला त्यांच्या हाती सरकारी बंदूक आली. बंदुकीचा घोडा कुणीही ओढावा; तिला वर्षानुवर्षांचे शरीर लागत नाही. धनुष्य मागे पडले त्याचे हे एक मोठे कारण आहे. बाण वाईट म्हणून ते गेले नाही. धनुर्धर घडवायला फार दिवस लागतात म्हणून गेले.

किती दिवस लागतात याचा उत्तम दाखला इंग्लंडात सापडतो. 1549 साली लॅटिमर नावाच्या धर्मोपदेशकाने बालराजा सहाव्या एडवर्डसमोर प्रवचन केले, आणि त्यात ओघाने आपल्या बापाची आठवण काढली. बाप शेतकरी. त्याने पोराला धनुष्य शिकवले ते हाताच्या जोराने नव्हे, सगळ्या अंगाचा भार घालून ओढायला. आणि पोराचे वय व बळ पाहून तो धनुष्य विकत घेई, जसजसे बळ वाढे तसतसे मोठे. तो शेतकरी काही माझ्याहून श्रीमंत नसेल. परंतु त्याने ‘वाढत्या अंगाचे’ घेतले नाही, वाढलेल्या अंगाचे घेतले.

याच पद्धतीने वाढलेली माणसे पुढे काय ओढीत, हे समुद्राने जपून ठेवले. 1545 मध्ये मेरी रोज नावाचे इंग्रजी लढाऊ जहाज बुडाले आणि 1982 मध्ये ते वर काढण्यात आले. त्यात शंभराहून अधिक धनुष्ये अखंड सापडली. त्यांची ओढ शंभर पौंडांपासून पावणेदोनशे पौंडांच्याही पुढे असावी असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. आज ऑलिंपिकमध्ये उतरणारा पुरुष पन्नास पौंडांच्या आसपास ओढतो हे ध्यानात घेतले म्हणजे थक्क व्हायला होते. परंतु त्याच जहाजात सांगाडेही सापडले. खांद्याच्या पात्याचे जे टोक तारुण्यात जुळून एकसंध व्हायचे, ते त्यांतल्या कित्येकांचे जुळलेलेच नव्हते. लहानपणापासून सतत जड धनुष्य ओढल्याचा तो परिणाम असावा, असे संशोधकांना वाटते. म्हणजे पायरीपायरीने चढवले तरी राज्याला सैनिक हवा असला की त्याची किंमत हाडे मोजतात. खेळ आणि युद्ध यांत हा फरक आहे. खेळात मधेच थांबून विचारता येते, आज पुरे का?

*

हे सारे दूरचे झाले. पण विचार करता करता मी परत मुरुडच्याच रस्त्यावर आलो. आमच्या गावात अण्णासाहेब कर्व्यांची आठवण काढल्यावाचून कोणतीही गोष्ट पुरी होत नाही, आणि इथे तर ती आपण होऊन समोर आली.

1875 साल. धोंडो केशव कर्वे सतरा वर्षांचे. सरकारी नोकरीची परीक्षा द्यायची म्हणून ते मुरुडाहून साताऱ्याला पायी निघाले. वर पाऊस, वाटेत सह्याद्री, अंतर सुमारे 110 मैल, म्हणजे पावणेदोनशे किलोमीटर. ते साताऱ्याला पोचले, आणि परीक्षा घेणाऱ्यांनी त्यांना बसूच दिले नाही. कारण काय, तर हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही! अण्णा चणीने लहान. एवढा घाट चढून आलेले पाय कुणी पाहिले नाहीत. चण तेवढी पाहिली. त्यांच्या ‘आत्मवृत्ता’तली ही हकीकत मी वर्गात दरवर्षी सांगत असे आणि दरवर्षी त्या परीक्षकांवर रागावत असे.

आता मला दिसले की मी आणि ते परीक्षक एकाच पंथाचे. त्यांनी शरीर डोळ्यांनी मोजले आणि कमी ठरवले; मी शरीर डोळ्यांनी मोजले आणि ‘होईल मोठी’ म्हणून अधिक ठरवले. आज त्या अंगात काय आहे, हे दोघांनीही विचारले नाही. अण्णांनी मात्र साऱ्या जन्मभर हिशेब बरोबर उलटा ठेवला. 1896 मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, पुढे तो हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत नेला, कॉलेजातले शिकवणे आटोपून रोज तिथवर पायी जात राहिले, आणि 1916 मध्ये त्याच कामातून महिला विद्यापीठ उभे राहिले. आश्रमापासून विद्यापीठापर्यंत वीस वर्षे, आणि प्रत्येक पाऊल पेलेल एवढेच. लेचापेचा दिसणारा तो मुलगा 104 वर्षे जगला. 1958 मध्ये भारतरत्न झाला आणि 1962 मध्ये गेला.

योग असा, की ज्या साताऱ्याने सतरा वर्षांच्या मुलाला परत पाठवले, त्याच साताऱ्यातून आपल्या काळात एक सतरा वर्षांची मुलगी निघाली. अदिती स्वामी. 5 ऑगस्ट 2023 रोजी बर्लिनमध्ये जागतिक तिरंदाजी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तिने मेक्सिकोच्या आंद्रेया बेसेराला 149 विरुद्ध 147 गुणांनी हरवले. पंधरा बाण, दीडशे गुण. त्यांत एकच गुण निसटला. भारताला तिरंदाजीत वरिष्ठ गटाचे वैयक्तिक जगज्जेतेपद मिळाले ते प्रथमच. त्याच दिवशी नागपूरच्या, पण साताऱ्यात तयार झालेल्या ओजस देवतळेने पुरुषांचे जेतेपद मिळवले, आणि त्याचा तर एकही गुण निसटला नाही. हे दोघे चालवतात ते कंपाउंड धनुष्य. त्याच्या टोकांना चाके असतात. ओढताना मध्ये भार फार लागतो, पण ओढ पुरी झाली की चाके बहुतेक भार स्वतःवर घेतात आणि बोटांवर थोडाच राहतो. साध्या धनुष्याचे तसे नाही. तिथे ओढ जितकी पुरी तितका भार अधिक.

ते साधे, ऑलिंपिकमधले धनुष्य घेऊन टोकियोला गेलेला प्रवीण जाधवही सातारा जिल्ह्यातलाच, फलटण तालुक्यातील सरडे गावचा. मजुरी करणाऱ्या आईबापांचा मुलगा. 2019 मध्ये जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात तो होता, आणि 2021 मध्ये ऑलिंपिकमध्ये सत्तर मीटरवरून बाण सोडीत होता. वैयक्तिक क्रमवारीच्या फेरीत असे बहात्तर बाण सोडावे लागतात. त्याच्यासारख्या घरचे मूल काही भरल्या अंगाने धनुष्यापुढे उभे राहत नाही. ते अंग घडवावे लागते, आणि तेही ओढत ओढतच.

*

ते कसे घडवतात हे मी गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस पुण्यात एका तरुण प्रशिक्षिकेला विचारले. तिने मला आधी विचारले, "आजोबा, शिकायचंय कुणाला?" मी सगळी कथा सांगितली. ती हसली नाही, याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

ती म्हणाली, नवे मूल आले की आम्ही प्रथम त्याच्या हाती धनुष्य देतच नाही, रबराची पट्टी देतो. ती ओढताना जोर दंडात येतो की पाठीत, ते पाहतो. धनुष्य दंडाने ओढायचे नसते. दोन्ही खांद्यांची पाती मागे एकमेकींकडे न्यायची असतात. (लॅटिमरचा शेतकरी बाप मला आठवला.) मग अगदी हलके धनुष्य. खुर्चीवर बसवून, पाय जमिनीपासून उचलायला लावून ओढायला सांगतात. असे बसले म्हणजे कमरेची लबाडी चालत नाही. पूर्ण ओढून सावकाश दहापर्यंत मोजेतो हात स्थिर राहिला तर ते धनुष्य त्याचे. ओढताना धनुष्याचा हात आभाळाकडे गेला, हनुवटी दोरीला भेटायला पुढे आली, खांदा वर चढला किंवा अंग मागे रेलले, तर ते धनुष्य त्याचे नव्हे, मग आकडा काहीही असो.

पुढची पायरी अशी, की आधी बाणांची संख्या वाढवायची, मग पौंड. संख्या वाढूनही शेवटचा बाण पहिल्यासारखा सुटू लागला की दोन पौंडांनी चढायचे, एकदम दहांनी नाही. अधूनमधून बाण न सोडता नुसते ओढून अर्धा मिनिट धरायचे, त्याच्या दुप्पट विसावा घ्यायचा, पुन्हा धरायचे. मात्र बाण लावलेला नसताना दोरी कधी सोडायची नाही, हळूहळू परत आणायची. रिकामी दोरी सुटली तर सगळा जोर पात्यांत शिरतो आणि ती मोडतात. आणि मधे दिवसभराची सुटी हवीच. स्नायू लवकर तयार होतात, पण स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या शिरा सावकाश तयार होतात; पहिल्यांचा उत्साह दुसऱ्यांना भोवतो.

मी म्हटले, "म्हणजे वसिष्ठांनी सांगितलेलंच तुम्ही सांगता." तिने वसिष्ठ वाचले नव्हते. तिला ते रोजच्या मुलांनी शिकवले होते. ज्ञान खरे असले म्हणजे ते असे दोन वाटांनी एकाच ठिकाणी येते.

*

गेल्या दिवाळीत मी अठरा पौंडांची पाती आणली. तिच्या ओढीला ती बाराच्या आसपास भरतात. नात आली, पण खुंटीकडे तिने पाहिले नाही. मी तिला ओटीवर बसवले आणि म्हटले, "तुझं काही चुकलं नव्हतं. धनुष्य मी चुकीचं आणलं होतं." नातवंडांपुढे असे बोलायची आमच्या पिढीला सवय नाही, मला ते वाक्य तीस पौंडांपेक्षा जड गेले. ती म्हणाली, "उगीच माझी समजूत काढू नका." तेव्हा मी तिला वहीतला हिशेब दाखवला. समजुतीवर तिचा विश्वास नव्हता, गुणाकारावर बसला. पावणेतीनशे किलोच्या आकड्याखाली तिने स्वतः रेघ ओढली.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी तिने खळ्यात खुर्ची मांडली, पाय उचलले आणि नव्या पात्यांचे धनुष्य ओढले. दोरी हनुवटीला लागली. ही स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मोठ्याने दहापर्यंत मोजीत होती. दहा झाले तरी मूठ हलली नाही. मग ती उभी राहिली आणि पहिला बाण सोडला. तो पेंढ्यात लागला, कागदाच्या बाहेर. परंतु या वेळी मी तिचे डोळे पाहत होतो. ते मुठीवर नव्हते.

ती जगज्जेती होणार नाही. तशी तिची इच्छाही नाही. पुण्यात आठवड्यातून तीन दिवस जाते. यंदाच्या मे महिन्यात आली तेव्हा वीस पौंडांवर पोचली होती आणि त्याचा तिला कोण अभिमान! वर्षभरात दोन पौंड. माझ्या वडिलांना हा हिशेब सांगितला असता तर त्यांनी कपाळाला हात लावला असता.

तीसची पाती मी जुन्या धोतरात गुंडाळून फडताळात ठेवली आहेत. परत जाण्याच्या आदल्या रात्री तिने विचारले, "आजोबा, ती मोठी पाती टाकली नाहीत ना?"

मी म्हटले, "नाही गं, ठेवलीत. काढू का?"

"नको, असू देत," ती म्हणाली. "मी सांगेन तेव्हा काढा."